वाकळ, पितांबर आणि मंडपातला हशा

रात्रीच्या कीर्तनात अभंगाचं पहिलं चरण सोडवून झालं, टाळकऱ्यांनी एक चाल घेतली आणि मंडप जरा सैलावला, की बुवा हमखास कपड्यांवर येतात. आधी फाटक्या जीन्सचा दृष्टान्त होतो. आमच्या लहानपणी चड्डीला ठिगळ लावायला कापड मिळत नव्हतं, आता फाटलेलीच पँट दुकानात दुप्पट भावाने मिळते. पुरुषांच्या बाजूने हशा उठतो. मग गाऊनची पाळी येते. सकाळी सडा टाकताना गाऊन, दुपारी किराणा आणायला गाऊन, आणि लाज झाकायला गाऊनवर टॉवेल. आता बायकांच्या बाजूने हशा उठतो आणि तो पहिल्याहून मोठा असतो, कारण तो टॉवेल प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. हशा ओसरायच्या आत बुवा आवाज खाली आणतात, माय-माउलींना हाक मारतात, आणि पदर, कुंकू, घराण्याची अब्रू यांवरचा उपदेश सुरू होतो. हसून मोकळ्या झालेल्या माणसाला तो उपदेश टोचत नाही. कीर्तनकाराला हे पक्कं ठाऊक असतं.

हा संग्रह त्या हशाविषयी आहे. धर्माच्या नावाने कपड्यांविषयी जे सांगितलं गेलं, आणि ते सांगताना जो विनोद झाला, तो नगर जिल्ह्यातून गोळा करावा असं ठरवलं. जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून नगरच आहे. हाच जिल्हा निवडण्याला कारण आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके 1212 मध्ये. श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महिपतींनी संतचरित्रं लिहिली. शिर्डी आणि शिंगणापूर इथलंच. गोदाकाठी सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह आजही लाखोंनी भरतो. अकोल्यापासून जामखेडपर्यंत सप्ताह बसला नाही असं गाव सापडणं अवघड. इतकं ऐकणारा आणि इतका हसणारा श्रोता जिथे आहे, तिथे उपदेशातल्या विनोदाचा माग काढता येतो.

माग काढत गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि हा सगळा संग्रह तिच्याभोवती उभा राहिला. विनोद पूर्वीही होता, आजही आहे. कपडे पूर्वीही विषय होते, आजही आहेत. बदललं आहे ते हे, की हसं कुणाचं होतं.

महिपतींपासून सुरुवात करतो. 1715 ते 1790 हा त्यांचा काळ. ‘भक्तविजय’ 1762 चा. कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पोथ्यांवर आख्यानं उभी केली. त्यांतलं जनाबाईचं आख्यान नगरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. विठ्ठल रात्री जनीच्या घरी येतो, तिच्या फाटक्या वाकळेत झोपतो. पहाटे काकड्याची वेळ होते, देव गडबडीने उठतो आणि घाईत तिचीच वाकळ अंगावर घेऊन देवळात उभा राहतो. गळ्यातलं पदक जनीच्या घरी राहतं. पुजारी दार उघडतात तर देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. पुढे जनीवर चोरीचा आळ येतो, तिला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेतात आणि सुळाचं पाणी होतं. पण आख्यान ऐकणारा मंडप खरा हसतो तो त्या गाभाऱ्यातल्या क्षणाला. चांगला कीर्तनकार तिथे रेंगाळतो. स्वतःचं उपरणं वाकळेसारखं गुंडाळून दाखवतो, एक टोक ओढलं तर दुसरं उघडं पडतं असा अभिनय करतो. पुजाऱ्याचा चेहरा करतो. देवाला काय शोभतं, हे ज्याने ठरवलं होतं त्याची तारांबळ बघून लोक हसतात. जनीच्या फाटक्या कपड्याला कुणी हसत नाही. हसं होतं ते पितांबराच्या राखणदाराचं.

तुकोबांच्या चरित्रात महिपती अशीच एक गोष्ट सांगतात. दारी आलेल्या बाईला अंगावर घ्यायला धड कापड नाही, तुकोबा घरधनिणीचं वाळत घातलेलं लुगडं उचलून तिला देतात. पुढचा जिजाईचा संताप हा कीर्तनातला ठरलेला हशा. मात्र हे आख्यान सांगणारे दोन प्रकारचे असतात आणि तो फरक या कामात फार उपयोगी पडला. काही जण जिजाईला कजाग करून टाकतात. काही जण मात्र तिच्या तोंडी जे घालतात त्यात तिची बाजू बिनतोड असते. चार पोरांच्या आईने आता नेसायचं काय? मंडपातल्या बायका दोन्ही वेळा हसतात. दुसऱ्या वेळी त्या जिजाईच्या बाजूने हसत असतात. कीर्तनकाराने एक वाक्य इकडचं तिकडे केलं की गोष्ट कुणाची, हेच बदलतं.

वेशाची टिंगल ही तर वारकरी वाङ्मयाची जुनी सवय. टिळे, माळा, जटा, भगवी वस्त्रं घालून लोकांना फसवणाऱ्यांवर तुकोबांनी जितके कोरडे ओढले तितके दुसऱ्या कशावर क्वचितच ओढले असतील. नाथांच्या भारुडातले जोशी, गोंधळी वेश घेऊन येतात आणि अर्थ भलताच सांगून जातात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी बुवा आणि फकीर दोघांच्याही सोंगाची हजेरी घेतली. हे सगळं कपड्यांविषयीचंच बोलणं आहे. त्यात सांगणाऱ्याच्या जातकुळीचं, म्हणजे धर्म सांगणाऱ्याचं, हसं होतं. व्यासपीठावरचा माणूस स्वतःच्या धोतराकडे बोट दाखवतो.

गाडगेबाबांनी तर हे शरीरानेच करून दाखवलं. अंगावर चिंध्या जोडून केलेलं पांघरूण, हातात गाडगं. कपड्यांवर त्यांचा उपदेश होता आणि तो अगदी रोकडा होता. बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, ताटं विकावी लागली तर विका, पण पोराला शाळेत घाला. समोरच्याला प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत ते लोकांना हसवत. ऐकणाऱ्याला आपलं काय चुकतं ते कळायचं, पण मान खाली जायची नाही, कारण सांगणारा त्याच्याहून फाटक्या कपड्यांत उभा होता. फाटक्या जीन्सवरचा आजचा दृष्टान्त कडक इस्त्रीचं धोतर आणि जरीचं उपरणं घातलेला माणूस देतो. मजकूर कदाचित तोच असेल, उभं राहण्याची जागा ती नाही.

आता ‘जुनी मर्यादा’ म्हणून जे सांगितलं जातं ते किती जुनं, हेही पाहिलं पाहिजे. धर्मकृत्यातले वस्त्राचे जुने नियम वाचले तर अंग किती झाकावं हा त्यांचा मुख्य प्रश्न नसतो. प्रश्न शुद्धाशुद्धीचा असतो. सोवळ्याला शिवलेलं कापड चालत नाही. रेशमी मुकटा चालतो, धाबळी चालते, ओलेतं चालतं. पुरुषाने पूजेला उघड्या अंगानं बसायचं. शनिशिंगणापूरला पुरुषांनी अंघोळ करून, ओलं भगवं वस्त्र कमरेला गुंडाळून, उघड्या अंगानं चौथऱ्यावर जायचं ही रीत अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. बायकांना चौथऱ्यावर जाताच येत नसे, मग अंगावर काही का असेना. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2016 मध्ये स्त्रियांना अडवता येणार नाही असं सांगितलं, आणि 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. शिंगणापूरच्या जुन्या नियमात ओलं कापड पवित्र होतं, शिवलेला कोरडा सदरा नव्हता. सभ्य-असभ्य हा शब्दच तिथे गैरलागू.

नऊवारीचं बघा. काष्ट्याच्या लुगड्यात पोटऱ्या दिसतात, पाठ दिसते, आणि कित्येक घरांत देवाधर्माच्या कामाला काष्टाच हवा असे. गोल पातळ आलं तेव्हा जुन्या बायकांनी नाकं मुरडली. काष्टा नाही म्हणजे ते नेसणं कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्याच गोल साडीला आज मर्यादेचा नमुना म्हणून दाखवतात. पंजाबी ड्रेस खेड्यात आला तेव्हा त्यावर कीर्तनात पुष्कळ हशे झाले. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठी जो पेहराव ठरवून दिला त्यात साडीच्या जोडीला सलवार-कमीज सन्मानाने आहे आणि जीन्स, टी-शर्ट बाहेर आहेत. काल ज्याला हसायचे त्याला आज पावती मिळाली, आणि हसायला नवीन कपडा आला. पोशाख बदलत गेला, विनोदाचा साचा मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची टिंगल आणि आजचा दृष्टान्त या पुस्तकात शेजारी शेजारी छापले आहेत.

ती जुनी टिंगल सौम्य नव्हती. आनंदीबाई जोशी आणि काशीबाई कानिटकर यांच्या पिढीतल्या बाईने पायात बूट घातले, हातात छत्री धरली, की रस्त्यात तिची हुर्यो होत असे. ताराबाई शिंदे यांनी 1882 च्या ‘स्त्रीपुरुषतुलना’मध्ये याला जे उत्तर दिलं त्याची धार अजून गेलेली नाही. पुरुषांनी साहेबाचा पेहराव उचलला तेव्हा धर्म बुडाला नाही, मग तो बाईच्याच वस्त्राला का टांगलेला, हा त्यांचा सवाल. त्याही हसतात, पण रागाने हसतात. कीर्तनाच्या मंडपात त्यांचं नाव फारसं निघत नाही, हे मला खटकतं.

नगरमध्ये तिसऱ्याच प्रकारचं हसणं लिहिलं गेलं आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये इथूनच निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक इथे आले, राहुरीला राहिले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याची बरीच वर्षं याच भागात गेली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. वडिलांच्या सोवळ्याचं वेड त्यांनी ज्या हसऱ्या लेखणीने उतरवलं आहे, तसं मराठीत दुसरं नाही. वाचताना हसू आवरत नाही, आणि त्या सोवळ्यापायी आईने काय सोसलं हेही त्याच पानांत दिसत राहतं. लक्ष्मीबाईंनी त्या सोवळ्याच्या जाचात लहानपण काढलं होतं. ज्याच्या अंगावरून नियम गेला त्याने सांगितलेला विनोद असा असतो. त्यात उपदेश नाही, चेष्टाही नाही. जे घडलं ते इतकं नेमकं सांगितलं आहे की वाचणारा आपोआप हसतो आणि मग थांबतो.

या मापाने आजच्या मंडपाकडे पाहावं असं मला वाटतं. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर महाराज, यांनी नगरी बोलीतलं विनोदी कीर्तन महाराष्ट्रभर पोचवलं. मोबाइलमुळे ते कीर्तनाला न जाणाऱ्यांच्याही कानी गेलं. त्यांच्या वळणावर बोलणारे तरुण कीर्तनकार आता गावोगाव आहेत. या कीर्तनांना नुसतं बाईच्या कपड्यांची टवाळी म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होईल. दारूड्या नवऱ्यावर, कर्ज काढून केलेल्या लग्नावर, डीजेपुढे नाचणाऱ्या बापावर तिथे जे फटके बसतात ते बायका जीव लावून ऐकतात. कपड्यांवरचेही काही दृष्टान्त मला मनापासून आवडतात. आहेराच्या साडीचा घ्या. कुणीच न नेसलेली साडी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहते आणि शेवटी पहिल्या घरी परत येते. किंवा टॉवेल-टोपीचा. मानपानासाठी शे-दोनशे टोप्या वाटतात, मंडपात पाच मिनिटं डोक्यावर आणि मग कपाटात. या दृष्टान्तात हसं सगळ्यांचं होतं, वरबापाचं जरा जास्त. ‘आहेर आणू नये’ ही पत्रिकेतली ओळ रुजायला अशा हशांचीही मदत झाली असं मी मानतो.

पण बोलणं पोरींच्या कपड्यांवर आलं की तोच कुशल माणूस सैल होतो. जीन्स घातली तर हशा. गाडीवर जाताना उन्हासाठी स्कार्फ बांधला, नुसते डोळे उघडे ठेवले, तर त्यावरही हशा, का, तर बापालाही पोरगी ओळखू येत नाही. उघडं दिसलं तरी हसायचं आणि झाकलं तरी हसायचं, तर मग सांगणं काय आहे? पहिल्या रांगेत बसलेल्या बारावीच्या पोरीने यातून काय उचलावं? ती हसत नसते. ती ओढणी सारखी करते आणि शेजारच्या मैत्रिणीकडे बघते. जनीच्या आख्यानात तीच पोरगी खळखळून हसते.

याच जिल्ह्यात कांदा लावायला वाकलेल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, गुंड्या लावलेल्या, डोक्याला रुमाल, पदर शर्टाच्या आत खोचलेला. ऊन लागू नये, हात खरचटू नयेत म्हणून. पाचट काढतानाही तेच. बाईने पुरुषाचा सदरा घातला म्हणून त्यावर दृष्टान्त झाल्याचं या संग्रहासाठी गोळा केलेल्या मजकुरात कुठेही नाही. मेहनतीच्या कपड्याला धर्माने हरकत घेतली नाही आणि विनोदानेही तो सोडून दिला. हरकत येते ती तीच बाई नटून तालुक्याला निघाली की. तिच्या कपड्याबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्यांना तिच्या हातावरचे कांद्याच्या पातीचे चरे दिसले पाहिजेत असं मला फार वाटतं, आणि म्हणून शर्टाचं हे टिपण उपदेशांच्या पुस्तकात मुद्दाम ठेवलं आहे.

देवस्थानांच्या फलकांविषयी थोडं. डिसेंबर 2020 मध्ये शिर्डीच्या संस्थानाने भाविकांनी भारतीय संस्कृतीला साजेसा पोशाख करून यावं, असं आवाहन करणारे फलक लावले. ही सक्ती नाही, विनंती आहे, असं संस्थानाचं म्हणणं होतं. भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई ते फलक काढायला निघाल्या, पोलिसांनी त्यांना सुप्याजवळ अडवलं. योगायोग असा, की त्याच डिसेंबरात राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट नको असं परिपत्रक काढलं होतं. मे 2023 मध्ये तुळजापूरला असा फलक लागला आणि गदारोळ होताच त्याच दिवशी उतरला. फलकाची भाषा वाचली की कीर्तनाची किंमत कळते. फलक हसत नाही, त्याला उलट विचारता येत नाही, तो कुणाची समजूत काढत नाही. कीर्तनकाराला निदान समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं. आणि शिर्डीत तर हा विषय निघाला की साईबाबांची कफनी आठवतेच. मोहिद्दीन तांबोळ्याशी झालेल्या कुस्तीनंतर बाबांनी पोशाख बदलला, कफनी धरली, असं ‘साईसच्चरिता’त आहे. गावकऱ्यांनी त्या पोशाखाची परीक्षा घेतली असती तर काय झालं असतं, ही गोष्ट एखाद्या कीर्तनकाराने शिर्डीतच रंगवावी. मंडप हसेल आणि कुणाचा अपमान होणार नाही.

वाचकाने हा संग्रह क्रमाने वाचला पाहिजे असं नाही. पहिल्या भागात आख्यानं आहेत, दुसऱ्यात घरातल्या वडीलधाऱ्यांची सांगणी, तिसऱ्यात आजचे दृष्टान्त आणि त्यांच्या शेजारी जुनी टिंगल. दुसरा भाग लहान वाटेल, पण त्याच्यावर माझा सर्वांत जास्त जीव आहे. ‘पदर घे’ हे सासू सुनेला सांगायची, आणि तीच सासू मंगळागौरीच्या रात्री पदर खोचून फुगडी घालताना त्याच पदराची थट्टा करायची. जात्यावर, झिम्म्यात, उखाण्यात बायकांनी या नियमांना मनसोक्त हसून घेतलं आहे. पुरुषांच्या कानावर ते पडलं नाही म्हणून ते कीर्तनकारांच्या वह्यांत आलं नाही.

कीर्तनकारांच्या जुन्या हस्तलिखित वह्या घरोघरी माळ्यावर पडल्या आहेत. आख्यानाच्या शेजारी समासात विनोदाच्या जागा खुणेने लिहिलेल्या असतात, कुठे थांबायचं तेही. अशी वही घरात असेल तर ती रद्दीत देऊ नका, आधी गावातल्या वाचनालयात तिची नक्कल करून ठेवा. आणि आजी अजून बोलती असेल तर नऊवारीतून गोल साडीत ती केव्हा आली, पहिल्या दिवशी तिला कोण काय म्हणालं आणि तिने मनात काय म्हटलं, हे तिला आत्ताच विचारा, फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. पुढच्या आवृत्तीत दुसरा भाग पहिल्याहून मोठा करायचा आहे.